अर्वोची चकाचक भट्टी

शनिवारी सकाळी रोंडा निस्काला ही आईबाबांच्या घरापुढे गाडी लावून पाच मिनिटं नुसती बसून राहिली. चिडूनच बसली होती. सोमवारी आईला डलूथ शहरातल्या वृद्धाश्रमात, स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांच्या मजल्यावर नेऊन सोडायचं होतं आणि आज तिची बॅग भरायची होती. तिथली खोली रोंडानेच ठरवली होती. फोन तिने केला होता, कागदांवर सही तिची होती. भाऊ कर्ट मिनियापोलिसमध्ये बसून 'तुला योग्य वाटेल ते कर' एवढंच म्हणाला होता. हे वाक्य तोंडातून काढणाऱ्या प्रत्येकाला दोन ठेवून द्याव्यात असं रोंडाचं फार जुनं मत होतं.

बाहेर पारा शून्याखाली चोवीसवर होता. रोंडाचा धंदा घरं तापवणाऱ्या गॅसभट्ट्या साफ आणि दुरुस्त करायचा, त्यामुळे असल्या दिवसांत तिला श्वास घ्यायला फुरसत नसे. खाणींच्या या मुलखात भट्टी एक रात्र बंद पडली तरी नळ फुटतात आणि माणसं पांघरुणं काखेत मारून शेजाऱ्यांकडे झोपायला जातात. सकाळपासून दोन घरं उरकून ती तशीच आली होती. अंगात कामाचं जाकीट होतं आणि जाकिटाच्या खिशाला हवेतला विषारी वायू मोजणारा मीटर चिमट्याने लावलेला होता. एरवी ती रविवारी चर्चमधून यायची. चांगला कोट घालून वरच्या स्वयंपाकघरात तासभर बसायची, कॉफी प्यायची, आईच्या हातचा वेलदोड्याचा पाव खायची आणि निघायची. तळघरात मात्र ती अकरा वर्षं उतरली नव्हती.

झालं होतं असं. शाळेची बस चालवण्यात पंधरा वर्षं घालवल्यावर, चाळिशीला टेकताना, रोंडाने या कामाचं शिक्षण घेतलं आणि परवाना मिळवला. परवाना हातात पडल्यावर पहिली भट्टी साफ करायची ती आपल्या बापाची, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. बाप म्हणजे अर्वो. लोखंडाच्या खाणीत चौतीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेला गडी. घरात दुरुस्तीला माणूस बोलावणं म्हणजे आपल्या पँटची बटणं लावायला माणूस बोलावणं, असं त्याचं म्हणणं. लेक काम करत असताना तो पूर्ण वेळ जिन्यात उभा राहिला. तोंडातून ब्र काढला नाही. तिने काम संपवलं, हात धुतले आणि वर जाऊन कॉफी ओतून घेतली, तर खालून पत्रा काढल्याचा आवाज आला. बापाने भट्टी पुन्हा उघडली होती आणि पहिल्यापासून साफ करायला घेतली होती. कर्ट त्या दिवशी घरी आलेला होता, तो खो खो हसला. रोंडा खाली गेली, हातातला ब्रश तिने भट्टीवर आपटला आणि म्हणाली, "तुमची भट्टी तुम्हीच सांभाळा. मी या तळघरात पुन्हा पाय ठेवणार नाही."

"नको ठेवूस," अर्वो म्हणाला.

दोघंही आडनावाने निस्काला. दोघांनीही शब्द पाळला.

आणि आता आई. लेम्पी, वय वर्षं शहात्तर. दोन हिवाळ्यांपूर्वी तिचं डोकं दुखायला लागलं. मग शब्द सापडेनासे झाले. मग दुधाचं भांडं कपाटात, चष्मा पिठाच्या डब्यात. उन्हाळ्यात बरी असायची. पण उन्हाळ्यात काय, सगळ्यांनाच बरं वाटतं. कर्टकडे दोन दिवस राहून शहरातल्या डॉक्टरकडे गेली तर तिथे तिने सगळी उत्तरं फटाफट दिली. अर्वो म्हणाला, "परक्यांसमोर नाटक करते. घरी येऊन बघा म्हणावं." या जानेवारीत इथल्याच डॉक्टरने परीक्षा घेतली. या खेपेला ती घड्याळाचं चित्रसुद्धा काढू शकली नाही. डॉक्टरने म्हाताऱ्यांच्या कागदावर जे लिहितात ते, स्मृतिभ्रंश म्हणून, लिहून टाकलं.

रोंडा आत गेली तर बाप मासेमारीचा जाडजूड डगला चढवून तयार. गोठलेल्या तळ्यावर त्याची लाकडी खोपटी होती. हिवाळाभर तिथे बर्फाला भोक पाडून तो सकाळपासून अंधार पडेपर्यंत गळ टाकून बसायचा.

"आजसुद्धा तळ्यावर?"

"बायकांच्या कपड्यांची बॅग भरायला मी कशाला हवा?"

"सोमवारी जाणार आहे ती, बाबा. चोपन्न वर्षांचा संसार आहे तुमचा."

"मला मोजता येतं," अर्वो म्हणाला आणि कॉफीच्या कपात बघत राहिला. "खाली मागावर बसलीय. सतरंजी पुरी करूनच जाणार म्हणते. काय पुरी करतेय! पट्टे बघ जाऊन. नऊ ओळींनी लाल पट्टा यायचा, तो कुठेही येतोय. आंधळ्याने विणल्यागत."

लेम्पी जुन्या कपड्यांच्या चिंध्या फाडून हातमागावर सतरंज्या विणायची. तिची आई विणायची, आजी विणायची. गावातल्या निम्म्या घरांत तिच्या सतरंज्या होत्या. हा भलामोठा माग तळघरात, भट्टीच्या समोरच मांडलेला होता, कारण तो दुसरीकडे कुठे मावतच नव्हता.

रोंडा जिन्याच्या तोंडाशी घुटमळली. पण आई दोन दिवसांनी जाणार होती. आता कसली शपथ आणि कसलं काय. तिने पाय टाकला.

चौथ्या पायरीवर मीटर किंचाळला. तिने काय करावं? बोटाने टिचकी मारली. हा मूर्खपणा करणाऱ्या गिऱ्हाइकांना ती जन्मभर हसली होती. आकडा बावन्न. खालच्या पायरीवर सत्तर. मागापाशी पोचली तेव्हा कैक वेळा धुतलेल्या सदऱ्यासारख्या पांढऱ्याफटक चेहऱ्याने आई वर बघत होती आणि मीटरवर आकडा होता शहाण्णव. पस्तीस दिसले की रोंडा माणसं बाहेर काढायची, बोलणं नंतर.

"रोंडा? तू कशी खाली?" लेम्पी म्हणाली. मग तिच्या कपाळावर आठी पडली. "बस कोणाकडे दिलीस? पोरं थांबली असतील."

बस सोडून तेरा वर्षं झाली होती.

"आई, ऊठ. आत्ताच्या आत्ता."

"नऊ ओळी राहिल्यात गं."

"ऊठ म्हणते ना!"

तिने आईला बगलेत धरून अक्षरशः उचललं आणि जिन्यातून वर ओढत नेलं. वरच्या भिंतीवर भट्टीचं लाल बटण होतं, ते कोपराने बंद केलं. "बाबा, बाहेर! घरात विषारी वायू आहे!"

"कुठून येणार? भट्टी मी सप्टेंबरात..."

"बाहेर!"

"तुझं ते खेळणं बिघडलंय. माझाही अलार्म असाच बोंबलायचा. नवी बॅटरी घातली तरी बोंबलायचा. भिकार माल. काढून टाकला."

रोंडा दारात थांबली. आईचं सगळं ओझं तिच्या खांद्यावर होतं. "कधी काढलात?"

"झाली की दोन वर्षं."

रोंडाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंड उघडलं असतं तर ती दारातच भांडत उभी राहिली असती आणि आई आत राहिली असती. तिने दात आवळले, आईला गाडीत बसवलं, गाडीचा हीटर लावला आणि अग्निशमन दलाला फोन केला.

आठ मिनिटांत ते आले. रुग्णवाहिका आली. समोरच्या तिन्ही घरांचे पडदे हलले. दलाचा प्रमुख हार्वी, कर्टबरोबर हॉकी खेळलेला, अर्वोला लहानपणापासून ओळखणारा. त्याने दोन्ही दारं उघडून तळघरात पंखे लावले. लेम्पीच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला.

"कोणी बरोबर येणार?" रुग्णवाहिकेतल्या बाईने विचारलं.

"तुम्ही पुढे व्हा," रोंडा म्हणाली. "मी मागोमाग आलेच."

तिने आईबरोबर जायला हवं होतं. इथे घरापाशी तिचं काही काम नव्हतं, हार्वीने गॅस बंद करून ठेवला असता. पण तिला आधी बापाला पकडायचं होतं. अकरा वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती, आणि आता तो हातातून सोडायला ती तयार नव्हती.

तळघरातला आकडा शून्यावर आल्यावर हार्वी, त्याची तीन माणसं, रोंडा आणि अर्वो खाली उतरले. अर्वोने कोणाला काही बोलू दिलं नाही. पुढे होऊन भट्टीचा पत्रा उचलला आणि बाजूला टेकवला.

"बघा! दाखवा मला घाण कुठे आहे!"

घाण नव्हतीच. ज्वाळेच्या नळ्या घासूनपुसून लखलखत होत्या. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा कण नव्हता. हवेची गाळणी कोरी. पत्र्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ओळीने तारखा लिहिलेल्या, एकतीस वर्षांच्या, दर सप्टेंबरात येणाऱ्या कामगार सुट्टीनंतरच्या शनिवारच्या, एकही चुकलेली नाही.

"चकाचक आहे हो, अर्वो," हार्वी म्हणाला. "ताट मांडून जेवावं अशी."

रोंडाला ते कबूल करावं लागलं, आणि त्यामुळे ती आणखीच भडकली. तिच्या हातूनही भट्टी इतकी साफ होत नव्हती. फक्त वरच्या बाजूला, जिथे धूर गोळा होऊन धुराड्यात शिरतो त्या टोपीच्या कडेला, तांबूस गंज धरला होता. तिथला पत्रा ओलसर वाफेने खाल्लेला होता. अर्वो दर सप्टेंबरात तो गंज पॉलिश कागदाने घासून काढत असणार, कारण आजूबाजूला ओरखडे होते. गंज का येतो हे मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं.

"हवेची नळी कुठे आहे?" रोंडाने विचारलं.

हार्वी भिंतीवर इकडेतिकडे शोधायला लागला.

आग पेटायला हवा लागते. हिवाळ्यात घर डबीसारखं बंद, म्हणून भिंतीतून मांडीएवढी जाड एक नळी तळघरात आणलेली असते. ती बाहेरची हवा आत आणते आणि भट्टी ती पिते. पण ती हवाही शून्याखाली चोवीसची. ती नळीतून ओतल्यासारखी फरशीवर पडते आणि पायांभोवती साचते. या मुलखात एक घर असं नाही जिथे त्या नळीला कोणी शिव्या दिल्या नसतील.

रोंडा मागाच्या मागे वाकली. नळी होती. नळीच्या तोंडात बोळा होता. नुसता कोंबलेला नाही. चिंध्या गुंडाळून, वरून सुबक शिवून, नळीच्या मापाची गोल उशी केलेली होती, आणि ती ओढून काढता यावी म्हणून मधोमध दोरीचा फास. दुकानात विकायला ठेवता आली असती.

"हे काय आहे?"

"बोळा," अर्वो म्हणाला.

"तो दिसतोय मला!"

"तिचे पाय गारठायचे." तो हे अगदी साधेपणाने, आणि थोडा अभिमानानेच म्हणाला. "विणायला बसली की सगळा गारठा तिच्या पायांवर पडायचा. दोन मोज्यांवर तिसरा घालून बसायची बिचारी. मी शिवला तो, दोन वर्षं झाली. ऑक्टोबरात लावतो, मे महिन्यात काढतो."

"आणि भट्टी कधी साफ करता?"

"सप्टेंबरात. लिहिलंय ना तिथे."

"म्हणजे बोळा बाहेर असताना. आणि तळघराचं दार?"

"उघडं ठेवतो. नाहीतर धूळ कुठून बाहेर काढू?"

रोंडाने हार्वीकडे पाहिलं. "दोन मिनिटं देतोस? मीटर घेऊन इथेच उभा राहा."

तिने वरचं आणि तळघराचं अशी दोन्ही दारं लावली. बोळा परत नळीत बसवला. तो असा गच्च बसला की हाताला किंचितही झुळूक लागेना. घरातली हवा बाहेर फेकणारं कपडे वाळवायचं यंत्र चालू केलं, स्वयंपाकघरातला धुराचा पंखा चालू करायला एकाला वर पाठवलं आणि मग भट्टी पेटवली. ज्वाळा निळ्या उभ्या राहिल्या, मग हळूहळू पिवळ्या होत डोलायला लागल्या. रोंडाने काडी ओढली, फुंकून विझवली आणि तिचा धूर त्या गंजक्या टोपीजवळ धरला. हा धूर वर, धुराड्यात खेचला जायला हवा. तो वर गेला नाही. टोपीतून उलट बाहेर आला, खोलीत वळला आणि सरळ मागाच्या बाकाकडे गेला.

सगळ्यांनी पाहिलं. हार्वीचा मीटर ओरडायला लागला तशी रोंडाने भट्टी बंद केली आणि दार सताड उघडलं.

"साफसफाई म्हणजे अर्धं काम, बाबा. घासून पुसून पत्रा लावला की मग सगळी दारं बंद करायची, घरातलं सगळं चालू करायचं, हिवाळ्यात असतं तसं, आणि ही काडी धरायची. धूर वर गेला तर भट्टी साफ. नाहीतर तुम्ही एकतीस वर्षं भांडी घासलीत. भांडी!"

"ओरडू नकोस. माणसं आहेत."

"असू देत! त्यांना ऐकू दे!"

या गावात कोणी कोणावर ओरडत नाही. फार राग आला तर माणूस 'हं, ठीक आहे' म्हणतो आणि सहा वर्षं बोलत नाही. अग्निशमन दलाचे दणकट गडी आपापल्या बुटांकडे बघत उभे राहिले.

"घराला नव्या खिडक्या बसवल्यात. फटी फोमने बुजवल्यात. होती नव्हती ती हवा बंद केलीत. अलार्मने बोंबलून सांगितलं, तर त्याचं तोंड दाबलंत. स्वतः दिवसभर तळ्यावर मोकळ्या हवेत मासे धरत बसलात आणि तिला इथे विषात बसवलंत. वर लोकांना सांगितलंत की ती नाटक करते!"

"मला कोणी सांगितलं नाही नळीचं."

"मी सांगायला आले होते! अकरा वर्षांपूर्वी!"

"तू नुसता ब्रश मारलास," अर्वो हळू आवाजात म्हणाला. "नळीबद्दल चकार शब्द बोलली नव्हतीस."

हे खरं होतं. तेव्हा बोळाही नव्हता आणि खिडक्यांतून वारा शिट्ट्या घालत यायचा. तिने काडी धरून पाहिली होती की नाही, हे रोंडाला आता आठवेना. तिने तो विचार झटकून टाकला.

"बोलू दिलंत तुम्ही मला?"

अर्वो मागाच्या बाकावर बसला आणि लगेच उठला, जसं काही ती जागा त्याची नव्हती.

रोंडाने गॅसची चावी बंद करून तिला कुलूप घातलं आणि भट्टीला लाल चिठ्ठी बांधली. ही चिठ्ठी लागली की परवानावाल्याने तपासल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही, असा कायदा. चिठ्ठीवर तिने बापाचं पूर्ण नाव लिहिलं, घराचा पत्ता लिहिला, खाली आपली सही ठोकली. लिहिताना तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की ते ती पुढे कोणाजवळ बोलणार नव्हती.

इस्पितळात लेम्पीच्या रक्तात विष भरपूर निघालं. अर्वोच्या रक्तातही थोडं होतं. तरुण डॉक्टरणीने दोन हिवाळ्यांची सगळी हकीकत ऐकून घेतली, जुना कागद वाचला आणि म्हणाली, "हा कागद आत्ता बाजूला ठेवू. चांगल्या हवेत राहू दे यांना. पुष्कळसं परत येईल. सगळं येईलच असं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू." तिने रात्रभर लेम्पीला प्राणवायू लावून ठेवलं आणि रविवारी दुपारी सोडलं.

दोघांना रोंडा आपल्या घरी घेऊन आली. घरी आल्यावर बापाच्या पुढ्यात बशी ठेवताना ती टेबलावर अशी काही आदळली की चमचा उडाला. अर्वो तळ्यावर गेला नाही. सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसून राहिला. त्याने एकदा लेम्पीच्या पायांवर शाल टाकली, तेव्हा रोंडा ओरडली, "आता पुरे करा ते पाय!" त्याने शाल काढून घडी घातली. लेम्पी झोपत होती, उठत होती, पाणी पीत होती आणि पुन्हा झोपत होती.

संध्याकाळी कर्टचा फोन आला. रोंडाने त्याला सगळं सांगितलं, बापाला ऐकू जाईल अशा आवाजात, दोनदा. बोळ्याचा फास किती सुबक होता तेही सांगितलं. सांगताना तिचा राग कमी होण्याऐवजी वाढतच गेला. अंथरुणात पडल्यावरही ती मनातल्या मनात बापाला सुनावत होती. एवढ्या वर्षांची बोलायची राहिलेली सगळी वाक्यं आता तिला आठवत होती आणि प्रत्येक वाक्य पहिल्यापेक्षा सरस होतं.

सोमवारी सकाळी सहाला ती स्वयंपाकघरात आली तर दिवा लागलेला होता. आई उठून, केस विंचरून, टेबलाशी बसलेली. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात तिने कप शोधले होते, कॉफी शोधली होती, रोंडाचा कप भरून झाकून ठेवला होता.

"आज सोमवार," लेम्पी म्हणाली.

"हो." रोंडाला एकदम रडू फुटलं. "आई! तुला कळतंय!"

"बस."

रोंडा बसली. "आई, बाबांनी तो बोळा..."

"बोळ्याचं मला ठाऊक आहे. माझ्यासमोर शिवला त्याने. चांगला शिवला." लेम्पीचा आवाज बारीक होता, पण शब्द एकेक करून नीट येत होते. "मला तुझ्याशी बोलायचंय. मला शब्द सापडत नव्हते, रोंडा. पण कान शाबूत होते. तुम्ही सगळे मी खुर्ची असल्यासारखे माझ्यासमोर बोलायचात."

"आई..."

"नाताळात कर्टला फोनवर काय म्हणालीस? 'तिला कुठे ठेवली काय, तिला आता काही फरक पडत नाही.' मी जिन्यात होते."

रोंडाने कप हातात घेतला आणि परत ठेवला.

"आणि मी तुला सांगितलं होतं. डोकं खाली असलं की दुखतं, अंगणात गेलं की थांबतं. तीनदा सांगितलं. एकदा पावाचा तुकडा तुझ्या हातात होता तेव्हा. सांगितलं होतं की नाही?"

सांगितलं होतं. रोंडाला तो पाव आठवला, तो रविवार आठवला, अंगातला चांगला कोट आठवला. 'ताजी हवा चांगलीच असते, आई,' असं म्हणून तिने कॉफी संपवली होती. कोण्या परक्या बाईने फोनवर नेमकं हेच सांगितलं असतं, घरात डोकं दुखतं आणि बाहेर गेलं की थांबतं, तर रोंडा तिच्यावर खेकसली असती, बाई, फोन ठेवा आणि आधी घराबाहेर पडा. मग वीस मैल बर्फ तुडवत गेली असती. गेल्या दोन हिवाळ्यांत ती अशी पाच वेळा गेली होती.

"मी तळघरात जात नव्हते ना," रोंडा म्हणाली. तिला स्वतःलाच ते ऐकवेना.

"ठाऊक आहे. तुमची दोघांची भांडणं." लेम्पीने पुढचा शब्द शोधायला थोडा वेळ घेतला. रोंडा तो सुचवायला गेली तर आईने हात वर करून थांबवलं. शब्द सापडला. "तुझ्या बापाला भट्टीतलं काही कळत नाही. त्याला माझे गारठलेले पाय कळले. त्याच्यावर मी रागावेन, माझ्या सवडीने, ते आमचं आम्ही बघू. तू मध्ये पडू नकोस. पण तुला भट्टीतलं सगळं कळतं. तुझं पोट भरतं त्याच्यावर."

रोंडाजवळ दोन दिवसांची वाक्यं तयार होती. एकही कामाला आलं नाही.

"परवा त्या गाडीतसुद्धा मी एकटीच गेले," लेम्पी म्हणाली. "तोंडावर ते लावलेलं. कोणाला काही विचारता येईना. मला वाटलं, मला तिकडेच नेतायत. डलूथला. दोन दिवस आधीच."

बाहेरच्या खोलीत सोफा करकरला. अर्वो जागा होता. आत मात्र आला नाही.

लेम्पीने टेबलावरचा फोन लेकीकडे सरकवला. "तिथे फोन तूच केला होतास ना? मग आताही तूच कर. माझ्यासमोर."

"आई, अजून सात वाजले नाहीत."

"म्हाताऱ्यांची जागा आहे. उठलेले असतात सगळे."

रोंडाने नंबर लावला. पलीकडून एक गोड आवाजाची बाई बोलली. रोंडाने नाव सांगितलं, खोलीचा क्रमांक सांगितला, ती खोली आता नको म्हणून सांगितलं. बाईला वाईट वाटलं. मग ती म्हणाली, "फॉर्मवर कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"घरची भट्टी बिघडली होती," रोंडा म्हणाली. "वडिलांनी हवेची नळी..."

"नाही," लेम्पी म्हणाली. ती उठून रोंडाच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "खरं कारण सांग."

पलीकडे बाई थांबली होती. तिच्या पेनचा टकटक आवाज येत होता.

रोंडाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आई दोन हिवाळे सांगत होती," ती म्हणाली. "मी ऐकलं नाही. एवढंच लिहा."